तळटीप १४
१४. फॅझेकास २ : एमआरआयच्या अहवालातली ही श्रेणी ऑस्ट्रियातल्या ग्राट्सचे मेंदूविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅझेकास आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडली. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात, म्हणजे चेतातंतूंच्या जुडग्यांत, पडलेले डाग तीत ० ते ३ असे मोजतात. खोल भागात १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ते एकमेकांना मिळू लागलेले, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. ‘फ्लेअर’ प्रकारच्या चित्रात ते पांढरेशुभ्र उमटतात. नानांचे हे डाग पक्षाघाताच्या त्या एका झटक्याचे नव्हेत. बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं जाड व अरुंद होत गेल्या की असे डाग पडतात. वयाखालोखाल मोठं कारण उच्च रक्तदाब. धूम्रपान आणि मधुमेह त्यात भर घालतात. पुढच्या पानावर हात सुधारूनही नानांची चाल मंदच राहते, दुधाचा हिशेब जुळवायला सकाळ जाते, ते या डागांमुळे असू शकतं. घरच्यांनी त्याला आळस म्हणावं, हा नानांवर अन्याय होता. पडलेले डाग सहसा जात नाहीत. रक्तदाब आटोक्यात ठेवला तर त्यांची वाढ मंदावते.