स्टार ॲटलस

स्टार ॲटलस : अवकाशसंचार आणि ग्रहशोधन या कल्पनेभोवती रचलेला, सोलाना ब्लॉकचेनवर चालणारा बहुखेळाडू ऑनलाइन खेळ. यातील जहाजे, जमिनी, चलन, एवढेच काय इंधन आणि अन्नसुद्धा टोकनांच्या रूपात असून ती खेळाबाहेरही विकता येतात. घोषणा 2021 च्या आरंभी. निर्माती कंपनी एटीएमटीए (उच्चार ‘ऑटोमाटा’), मुख्याधिकारी मायकेल वॅग्नर. खेळ तयार होण्याआधी त्याची बाजारपेठ उभी राहिली; त्यामुळे प्रस्तुत नोंदीत करमणुकीपेक्षा व्यवहाराला अधिक जागा द्यावी लागली आहे.

पूर्वपीठिका : 2017 च्या अखेरीस ‘क्रिप्टोकिटीज’ या मांजरे जमवण्याच्या खेळाने इथेरियम ही ब्लॉकचेन साखळी तुंबवली. त्यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या : आभासी वस्तूच्या मालकीसाठी लोक रोख पैसे मोजतात, आणि प्रत्येक चालीला भारी शुल्क पडू लागले तर खेळ चालत नाही. एकमेव वस्तूंच्या टोकनांसाठी ‘ईआरसी-721’ हे मानक याच सुमारास घडले. ते वापरून 2018 मध्ये आलेल्या ‘झिरोएक्स युनिव्हर्स’ या खेळात अख्खे ग्रह विकले गेले. डिसेंबर 2020 मध्ये वॅक्स साखळीवर ‘एलियन वर्ल्ड्स’ सुरू झाला. त्यात सहा ग्रह असून प्रत्येकाचा कारभार टोकनधारकांच्या मतांनी चालतो आणि आपल्या जमिनीवर दुसऱ्याने केलेल्या खाणकामातून जमीनमालकाला वाटा मिळतो. स्टार ॲटलसने या सगळ्यांपेक्षा मोठा बेत जाहीर केला : अनरियल एंजिन 5 वर चित्रपटासारखी दृश्ये, आणि मालकीची नोंद स्वस्त व वेगवान अशा सोलानावर. ही साखळी 14 सप्टेंबर 2021 रोजी सुमारे सतरा तास बंद पडली होती.

कथासूत्र : काळ इ. स. 2620. मानवांचा मड, परग्रहवासी जमातींचा ओनी आणि सजाण यंत्रमानवांचा उस्तूर असे तीन पक्ष. विस्तार ‘कोअर’ या चित्रकादंबरीत.

नाणी : दोन. ‘ॲटलस’ हे रोजच्या व्यवहाराचे चलन, कमाल पुरवठा 36 अब्ज. ‘पोलिस’ हे कारभारात मत देण्याचे, पुरवठा 36 कोटी. मत द्यायचे तर पोलिस ठरावीक मुदतीसाठी कुलूपबंद ठेवावे लागते. मुदत लांब तर मताचे वजन अधिक. दोन्ही नाणी 2021 मध्ये बाजारात आली. ॲटलसचा भाव त्याच वर्षाच्या उत्तरार्धात शिखरावर होता, तो 2022 संपेपर्यंत एका अमेरिकन सेंटच्याही खाली उतरला. या घसरणीचा किती दोष खेळाच्या अर्थरचनेला द्यायचा आणि किती एकूण बाजाराला, याबद्दल मतभेद आहेत.

जहाजे : संग्राहकांचे मुख्य आकर्षण. पिअर्स, ओपल, फिंबुल, कॅलिको, ओग्रिका अशा काल्पनिक कारखान्यांच्या नावांनी ती विकली गेली. आकार एकट्या वैमानिकाच्या होडक्यापासून ‘टायटन’पर्यंत. पहिली विक्री यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यात झाली. उड्डाणाची सोय तेव्हा नव्हती. खरेदीदाराच्या हाती जे पडले ते सातबाऱ्यासारखे होते : मालकाचे नाव पक्के, शेत पुढे कधीतरी. (खेळाच्या पुरस्कर्त्यांना हे वर्णन मान्य नसते, त्यांच्या मते आगाऊ विक्री म्हणजे भांडवल उभारण्याचा पारदर्शक मार्ग.)

एक तांत्रिक बाब सहसा नजरेआड होते. या जहाजांना सर्रास ‘एनएफटी’, म्हणजे अदलाबदल न होणारी टोकने म्हटले जाते. प्रत्यक्षात एकाच बनावटीच्या जहाजाच्या अनेक प्रती एकाच टोकनाच्या नगांच्या रूपात निघतात. एक ओपल जेट दुसऱ्या ओपल जेटपासून वेगळे ओळखता येत नाही. त्यांच्यावर अनुक्रमांकही नसतो. तिकीटसंग्राहकाला परिचित असलेले ‘हेच ते तिकीट’ असे मोल इथे लागू होत नाही. दुर्मिळता ठरते ती काढलेल्या नगांच्या संख्येवरून.

खेळ : डिसेंबर 2021 मध्ये ‘स्कोर’ हा पहिला भाग आला. त्यात जहाज नोंदवायचे, त्याला इंधन, अन्न, दारूगोळा आणि दुरुस्तीसामान पुरवायचे आणि मोबदल्यात ॲटलस घ्यायचे. 2022 मध्ये जहाज आतून-बाहेरून पाहण्याचे दालन एपिकच्या दुकानात उपलब्ध झाले. (स्टीम या दुसऱ्या खेळविक्री-मंचाने ऑक्टोबर 2021 पासून ब्लॉकचेन खेळांना दार बंद केले होते.) 2023 मध्ये ब्राउझरवर चालणारा ‘सेज लॅब्ज’ आला. अवकाशशोधनाचे नाव खऱ्या अर्थाने इथे सार्थ झाले : नकाशाच्या एकेका चौकटीत ताफा न्यायचा, तिथे शोधयंत्र फिरवायचे आणि सापडलेली माहितीची एकके बाजारात विकायची. प्रवास, खाणकाम, घडणी यांतील प्रत्येक चाल साखळीवर नोंदली जाते.

एफटीएक्स प्रकरण : नाण्यांच्या आरंभीच्या विक्रीत एफटीएक्स या विनिमयमंचाचा सहभाग होता. 11 नोव्हेंबर 2022 रोजी त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीचा पुढील खर्च भागवणारी सुमारे निम्मी रोकड तिथे अडकल्याचे वॅग्नर यांनी जाहीर केले. 2023 मध्ये कर्मचाऱ्यांत मोठी कपात झाली. विकास थांबला नाही, वेळापत्रक मात्र कोलमडले.

भारतातील स्थिती : रिझर्व्ह बँकेचे 6 एप्रिल 2018 चे परिपत्रक बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून रोखत होते. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ते रद्द केले. त्यामुळे अशा खेळांतील खरेदीचा मार्ग मोकळा झाला, पण करव्यवस्था आली ती 2022 च्या वित्त अधिनियमाने. क्रिप्टोग्राफीने निर्माण झालेले जवळजवळ प्रत्येक टोकन ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ठरले. त्यामुळे जहाज एकमेव आहे की नगांपैकी एक, हा वर उल्लेखिलेला मुद्दा करापुरता निरर्थक होतो.

उदाहरणार्थ, भोपाळच्या इंद्रपुरीत राहणाऱ्या खेळाडूने 10,000 रुपयांचे जहाज 25,000 रुपयांना विकले, तर 15,000 रुपयांच्या नफ्यावर कलम 115बीबीएचनुसार 30 टक्के, म्हणजे 4,500 रुपये, आणि त्यावर 4 टक्के उपकर 180 रुपये, असे 4,680 रुपये भरावे लागतात. त्याच वर्षी दुसऱ्या जहाजात 15,000 रुपयांचा तोटा झाला असेल तरी तो या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. वजावट फक्त मूळ खरेदीकिमतीची. ताफ्याला घातलेले इंधन आणि अन्न खरेदीकिमतीत धरता येईल का, यावर करसल्लागारांचे एकमत होण्यासारखी स्थिती नाही. सावध सल्लागार ‘नाही’ असेच धरून चालतात.

1 जुलै 2022 पासून कलम 194एस लागू झाले. निवासी व्यक्तीला अशा मालमत्तेचा मोबदला देताना, वार्षिक मर्यादेच्या वर, 1 टक्का कर कापायचा. मर्यादा सामान्यतः 10,000 रुपये, काही विनिर्दिष्ट व्यक्तींसाठी 50,000. जहाजाच्या बदल्यात रोख न देता दुसरे टोकन दिले तरी कर भरला गेल्याची खात्री मोबदला देणाऱ्याने आधी करून घ्यायची असते. कायद्याची ही अपेक्षा आणि खेळातील बाजार यांचा मेळ बसत नाही. तिथे विक्रेता म्हणजे अक्षरे-आकड्यांचा एक पत्ता. तो पत्ता नागपूरचा की नैरोबीचा, हे खरेदीदाराला कळायला मार्ग नसतो, आणि कर कापायचा की नाही हे नेमके त्यावरच अवलंबून असते. आयकर अधिनियम, 2025 मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियम संमत केला. पैसे लावून आर्थिक लाभाच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी घातली. कौशल्य की नशीब हा जुना भेद इथे चालत नाही. लावलेल्या मोलाच्या व्याख्येत टोकने आणि वस्तूही येतात. विकत घेतलेले जहाज कामाला लावून ॲटलस मिळवणे या व्याख्येत बसते का? जहाज पणाला लागत नाही, ते मालकाकडेच राहते, असा बचाव शक्य आहे. उलट, खेळाच्या नियोजित उच्च-जोखीम क्षेत्रात जहाज कायमचे नष्ट होण्याची तरतूद या बचावाला कमकुवत करते.

मुंबईशी दुवा : स्टार ॲटलसचा भारताशी थेट संबंध नाही. याच जातीच्या ‘फँटम गॅलक्सीज’ या खेळाचा मात्र आहे. सिडनीच्या ब्लोफिश स्टुडिओजने घडवलेला, ॲनिमोका ब्रँड्सच्या छत्राखालील हा खेळ पॉलिगॉन साखळी वापरतो आणि त्याने लघुग्रह व ग्रह टोकनरूपात विकले. पॉलिगॉनचा उगम 2017 मधील ‘मॅटिक नेटवर्क’; संस्थापकांत जयंती कनानी, संदीप नैलवाल व अनुराग अर्जुन. त्यांच्या चाचणी-साखळीचे नाव ‘मुंबई’ होते. तिच्यावरची टोकने फुकट आणि बिनमोलाची असत. एप्रिल 2024 मध्ये ती बंद झाली आणि तिची जागा ‘अमोय’ या साखळीने घेतली.

दृश्यकला : संकल्पचित्रांची भित्तिपत्रकेही टोकनरूपात विकली गेली.