आज्ञा आणि मूल्य : डेटाबेसच्या इतिहासातील एक विस्मृत भेद

गोमंतकातील व वसईतील ‘डिसोझा’ हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पुष्कळ कुटुंबे पहिल्या अक्षरानंतर लोपचिन्ह घालतात. डेटाबेसच्या एस. क्यू. एल. या भाषेत हेच चिन्ह मजकुराची मर्यादा दर्शविते. यास्तव हे नाव जसेच्या तसे आज्ञेच्या वाक्यात जोडल्यास मजकूर पहिल्याच अक्षराशी संपला असे यंत्र समजते आणि उरलेले नाव आज्ञेचा भाग म्हणून वाचू लागते. निरुपद्रवी नावाने येथे केवळ दोष उद्‌भवतो. परंतु लोपचिन्हापुढे कोणी हेतुपुरस्सर दुसरी आज्ञा लिहिली, तर यंत्र तीही पाळण्याचा संभव असतो. मूल्य आणि आज्ञा यांतील भेद लोपणे, हे या आपत्तीचे मूळ होय.

या आपत्तीवरील उपाय आपत्तीस नाव मिळण्यापूर्वीच सिद्ध होता, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी तीस अनुरूप अशी ‘सीक्वेल’ भाषा प्रसिद्ध केली. आय. बी. एम.च्या ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पात रेमंड लॉरी यांच्या सूचनेवरून आज्ञेचे एकदाच यंत्रभाषेत रूपांतर करून ती वारंवार चालविण्याची पद्धत स्वीकारली गेली. अशा आज्ञेत मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवून ती मागाहून पुरविता येत. रचना अगोदरच निश्चित झालेली असल्यामुळे मागाहून आलेले मूल्य तीत ढवळाढवळ करू शकत नसे. हेतू श्रमलाघवाचा होता. सुरक्षितता ही आनुषंगिक प्राप्ती होती. कदाचित म्हणूनच तिचे मोल पुढील पिढीस उमगले नाही.

१९९०च्या दशकात संकेतस्थळांमुळे अपरिचितांनी लिहिलेला मजकूर थेट डेटाबेसपर्यंत पोहोचू लागला. १९९७ पासून जावा भाषेत मोकळ्या जागांची सोय होती. मात्र लोकप्रिय मायएसक्यूएलमध्ये तशी पूर्वसिद्ध आज्ञा २००४ साली, ४.१ या आवृत्तीत आली. तोवर तुकडे जोडून वाक्य बनविण्याची सवय रूढ झाली होती. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने या सवयीतील धोका दाखवून दिला.

पुष्कळांनी उत्तर शोधले ते लोपचिन्हामागे तिरपी रेघ घालण्यात. पी. एच. पी. भाषेने ते काम आपोआप करणारी सोयही दिली. पण ती भ्रामक ठरून २०१२ साली, ५.४ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. २००६ मध्ये पोस्टग्रेसच्या संदर्भात असे आढळले की, काही पौर्वात्य लिप्यांच्या संकेतपद्धतींत ती तिरपी रेघच मागील अक्षराचा अंश म्हणून गिळली जाते व लोपचिन्ह पुन्हा उघडे पडते. २०२५ मध्ये त्याच प्रणालीच्या अवतरण-रक्षक फलनांत अवैध संकेतांमुळे पुन्हा तत्सदृश दोष सापडला. चिन्हांची झडती कितीही काटेकोर असली, तरी मूळ भेद तीतून पुनःस्थापित होत नाही, असाच याचा अर्थ.

या विस्मृतीची किंमत प्रत्यक्ष माणसे मोजतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधील टॉकटॉक या कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची वैयक्तिक माहिती याच मार्गाने परहस्ते गेली. पुढील वर्षी तीस ४ लक्ष पौंड दंड झाला.

मोकळ्या जागेत मूल्यच बसते. कोष्टकाचे वा स्तंभाचे नाव बसत नाही, ही या उपायाची मर्यादा होय. तेथे मान्य नावांची यादी ठरवून तीतूनच निवड करावी लागते. तथापि तत्त्व तेच राहते : आज्ञेची रचना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवावी, अपरिचिताने केवळ मूल्य पुरवावे. एवढे पथ्य पाळल्यास डिसोझा यांना आपले नाव आपल्या रीतीने लिहिता येईल, आणि त्यापासून कोणासही भय उरणार नाही.