आठ आण्यांचं पुस्तक आणि फुकटची पीडीएफ

एखादं पुस्तक कुणी वाचायचं आणि कुणी नाही, हे ठरवतं कोण? एकाच पुस्तकाचा प्रवास सांगतो.

साल १९३६. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावलं. भाषण आधीच छापून तयार होतं. ते वाचून आयोजकच हादरले. काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. परिषद बारगळली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच प्रसिद्ध केलं. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. पहिल्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली, पण ८ आणे किंमत जास्त आहे, २ किंवा निदान ४ आणे ठेवा, असंही सुचवलं. म्हणजे आधी व्यासपीठ आडवं आलं, मग खिसा.

पुढे १९७९पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचं लेखन खंडांत छापायला घेतलं. पहिल्याच खंडात हे भाषण आहे. किंमत परवडणारी, पण किल्ली आता सरकारी छापखान्याकडे. खंड संपला की वाट बघत बसा. २०२१ मध्ये छपाई रखडल्याची बातमी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, तो २०१६ अखेर संपला. आणि हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर पीडीएफ रूपात आले. आज तालुक्यातलं पोरगं मोबाईलवर, एक पैसा न देता ते उतरवून घेऊ शकतं.

मग सगळी दारं उघडली का? नाही. मूळ लेखन इंग्रजीत आहे. मराठी अनुवादाचे हक्क वेगळे, ते अनुवादकाकडे किंवा प्रकाशकाकडे असू शकतात. वेबसाइट बदलली की लिंक मेली. आणि नवा दारवान म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्यं तिथे बिनधास्त फिरतात. ज्याने मूळ वाचलं नाही, त्याच्यापुरतं फॉरवर्ड करणाराच मालक.

म्हणून दोनच विनंत्या. असं वाक्य आलं की विचारा, कोणता खंड, कोणतं पान? आणि आपल्या गावच्या वाचनालयात छापील खंड मागा, सोबत पीडीएफही तिथल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला सांगा. किल्ली एकाच खिशात राहू नये, एवढंच.