रुळावरची गाय : कुंपण कोणी घालायचे?

१/ मंद्रूपला रेल्वे नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव सोलापूर–विजापूर रस्त्यावर वसले आहे; रूळ मात्र पूर्वेला, होटगीकडून दक्षिणेस विजापूरच्या दिशेने गेले आहेत. या साऱ्या टापूत काळी जमीन, रब्बीची ज्वारी आणि सुगीनंतर मोकळ्या रानात सोडलेली गुरे. गुरांची आणि रुळांची गाठ पडली की काय होते, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. परंतु त्या टकरीत दोष कोणाचा, हे कोणी ठरवले आणि केव्हा ठरवले, ही गोष्ट मात्र इतिहासाची आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ मित्रहो, सुरुवात होटगीपासून बरीच दूर, लंडनमध्ये होते. साल १८२५. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या विधेयकावर ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे जॉर्ज स्टीफन्सनची साक्ष चालू होती. एका सभासदाने त्याला विचारले, की गाडी वेगात असताना रुळावर गाय आली तर मोठी पंचाईत नाही का होणार? होईल, स्टीफन्सन आपल्या गावाकडच्या हेलात म्हणाला, पण ती गायीची. हा किस्सा त्याच्या चरित्रकाराने, सॅम्युएल स्माइल्सने, पुढे लोकप्रिय केला. तेव्हापासून तो रेल्वेच्या इतिहासात विनोद म्हणून सांगितला जातो.

३/ विनोद खराच. पण त्यात एक निकालही दडलेला आहे. रूळ यंत्राचे, गाय उपरी. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे जगभरची सरकारे, कंपन्या आणि शेतकरी या निकालावर भांडत आली.

४/ भांडणाचे उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या जमिनीप्रमाणे काढले. अमेरिकेत मैलोन्‌मैल मोकळी कुरणे. तिथे कुंपण घालण्यापेक्षा इंजिनालाच शिंगे देणे स्वस्त पडले. १८३० च्या दशकात आयझॅक ड्रिप्स या मेकॅनिकने 'जॉन बुल' नावाच्या इंजिनापुढे लाकडी सांगाडा बसवला. त्यातूनच रुळावरचे जनावर बाजूला फेकणारा 'काऊ-कॅचर' रूढ झाला. (गणकयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज यानेही आपल्या आत्मचरित्रात ही कल्पना आपल्याला सुचल्याचे नमूद केले आहे. त्याला काय सुचले नव्हते, हाच खरे तर संशोधनाचा विषय ठरावा.)

५/ इंग्लंडमध्ये जमीनदार प्रबळ होते. रेल्वे त्यांच्या शेतांतून जाणार, तर त्यांच्या गुरांची काळजी रेल्वेनेच घ्यावी, असा त्यांचा आग्रह. १८४५ च्या रेल्वे कायद्याने तो मान्य केला : शेजारच्या जमिनीवरची गुरे रुळांकडे भटकू नयेत म्हणून कुंपण घालणे आणि ते राखणे ही कंपनीची जबाबदारी. शेतकऱ्याची गाय मेली आणि कुंपण मोडके निघाले, तर कंपनीच्या अंगावर येई. हे वाक्य लक्षात ठेवा. आता आपण सोलापूरला येणार आहोत.

६/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पुणे ओलांडून १८६० मध्ये सोलापूरला पोचले आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेला जाऊन मिळाले. त्यानंतर आला १८७६–७८ चा भीषण दुष्काळ. सोलापूर, विजापूर, धारवाड या पट्ट्यात माणसे मेली, गुरे तर त्याआधी मेली. धान्य होते, पण वेळेवर पोचवता आले नाही, असे सरकारचे निदान. म्हणून दुष्काळी मुलुखात लोहमार्ग बांधण्याचे धोरण ठरले. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि होटगीहून विजापूरमार्गे गदगला जाणारा मार्ग १८८४ च्या सुमारास सुरू झाला.

७/ हा मार्ग मीटर गेजचा होता. ब्रॉडगेजपेक्षा अरुंद रुळांची ही पद्धत हिंदुस्थान सरकारने १८७० मध्ये स्वीकारली, ती खर्च वाचवण्यासाठी. होटगीला रुंद आणि अरुंद रूळ भेटत. माल एका डब्यातून दुसऱ्यात हलवावा लागे. पोती हलवली जात होती, पण रुळांच्या दोन्ही बाजूंच्या रानांतली गुरे कशी हलवायची, हा प्रश्न मात्र नकाशावर कोणी काढला नव्हता. काल ज्या वाटेने गाई ओढ्यावर पाण्याला जात, त्या वाटेवर आज मातीचा भराव.

८/ त्यात एक भौगोलिक खोच आहे. भरावासाठी माती आणायची कोठून? शेजारचीच खणायची. रुळांच्या कडेने त्यामुळे लांबट खड्डे पडले. पावसाचे पाणी त्यांत साठे आणि भोवताली गवत उगवे. शेते नांगरलेली, गायराने आक्रसलेली, पण रेल्वेच्या हद्दीत नांगर चालत नाही. म्हणजे सारा मुलूख करपला तरी हिरवळीची शेवटची पट्टी रुळालगतच उरायची. गुरांना हद्दीचे दगड वाचता येत नाहीत, हिरवे दिसते. आणि दुष्काळात गुराख्यालाही तेच दिसते.

९/ कारण दुसरीकडे जाण्यासारखे फारसे राहिले नव्हते. जंगलखात्याने रानडोंगरांतली चराई बंद करून शेतकऱ्याची गुरे उपाशी मारली, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये कळवळून मांडली आहे. ते वर्ष आणि होटगीच्या मार्गाचे वर्ष जवळपास एकच, हा योगायोग. पण एकीकडे रान बंद होत होते आणि दुसरीकडे रुळांची पट्टी उघडी पडत होती, हे एकत्र वाचल्याशिवाय 'गुरे रुळावर का गेली?' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

१०/ आता कायदा. भटक्या गुरांसाठी इंग्रजांनी आधीच एक व्यवस्था गावोगाव नेली होती, जिचे नाव अजून आपल्या जिभेवर आहे : कोंडवाडा. १८७१ च्या कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्टमध्ये जनावरागणिक दंडाचे कोष्टकच आहे. शेळी-मेंढी, एक आणा. वासरू, गाढव, डुक्कर, दोन आणे. गाय, बैल, घोडा, चार आणे. म्हैस किंवा उंट, आठ आणे. आणि हत्ती, दोन रुपये! हत्ती कोंडवाड्यात कसा कोंडायचा, हे कायद्याने सांगितलेले नाही. दंडाशिवाय चारापाण्याचा खर्च वेगळा. मालक आलाच नाही तर जनावराचा लिलाव.

११/ मग १८९० चा इंडियन रेल्वेज अ‍ॅक्ट आला. त्याचे १२५ वे कलम खास गुरांसाठी आहे आणि ते शांतपणे वाचण्यासारखे आहे. गुरांना अडवण्याजोगे कुंपण असलेल्या रेल्वेवर जनावर भटकले, तर मालकाला वा राखणाऱ्याला दर जनावरामागे पाच रुपयांपर्यंत दंड. मुद्दाम हाकले, किंवा जाणूनबुजून राहू दिले, तर दहा रुपयांपर्यंत. कोंडवाड्याची रक्कम निराळीच. कोंडवाड्यात बैलाचे चार आणे. रुळावर तोच बैल पाच रुपये, म्हणजे वीसपट.

१२/ 'कुंपण असलेल्या' हे दोन शब्द पुन्हा वाचा. कुंपण नसेल, तर नुसत्या भटकण्याला हा दंड लागत नाही. कायदा करणाऱ्यांना न्यायाची जाणीव होती, हे मान्य केले पाहिजे. पण कुंपण घालणे बंधनकारक होते का? त्याच कायद्याच्या १३ व्या कलमानुसार, सरकारला वाटल्यास ते रेल्वेला हद्दखुणा किंवा कुंपण घालायला सांगू शकते. वाटल्यास! इंग्लंडमध्ये जे कंपनीचे कर्तव्य होते, ते इथे सरकारच्या मर्जीवर गेले. तिथल्या जमीनदाराचा आवाज संसदेत पोचत होता. इथल्या रयतेची संसदच नव्हती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा फरक हाच.

१३/ आणि दंड हा नुकसानीचा लहान भाग झाला. कोरडवाहू शेतकऱ्याचा बैल मेला म्हणजे काय, हे आज ट्रॅक्टरच्या काळात समजावून सांगावे लागते. माणदेश-सोलापूरचा खिल्लार घ्या : पांढरा, उंच, लांब शिंगांचा, चालीला तिखट. तो जोडीने वाढवतात, जोडीने शिकवतात. उंची आणि चाल जुळली तरच औताला जुंपता येतो. जोडीतला एक गेला की दुसराही निम्मा निकामी. जोडीदार शोधायला गड्ड्याच्या यात्रेतला जनावरांचा बाजार गाठायचा, म्हणजे रोकड हवी. रोकड म्हणजे सावकार. पेरणीच्या तोंडावर हे घडले तर हंगाम गेला. रेल्वेच्या दप्तरात मात्र या घटनेला तीन इंग्रजी अक्षरांचा संक्षेप पुरतो : सीआरओ, म्हणजे कॅटल रन ओव्हर.

१४/ एव्हाना वाटू शकते की ही केवळ शेतकऱ्याची शोकांतिका आहे. स्टीफन्सनलाही तसेच वाटले होते. त्याचे चुकले, हे कळायला दीड शतक गेले. ३० जुलै १९८४ रोजी स्कॉटलंडमध्ये पोलमाँटजवळ एक्स्प्रेस गाडीने एका गायीला धडक दिली. इंजिन गाडीच्या मागे होते आणि ढकलत होते. पुढे होता हलका डबा. तो रुळावरून उचलला गेला. १३ प्रवासी मृत्युमुखी पडले. कुंपण होते, तरीही गाय आत शिरली होती. त्यानंतर अशा गाड्यांच्या तोंडाशी अडथळा दूर सारणारी पोलादी पाती बसवण्यात आली; म्हणजे 'जॉन बुल'चा सांगाडा नव्या रूपात परत आला.

१५/ आपल्याकडची घटना याहून भयंकर. २० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे उत्तर प्रदेशात फिरोजाबादजवळ कालिंदी एक्स्प्रेसला नीलगाय धडकली. जनावर गाडीखाली गेले की डब्यांना जोडणाऱ्या ब्रेकच्या हवेच्या नळ्या तुटू शकतात; हवेचा दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप आवळले जातात. कालिंदी तशीच रुळावर खिळली. आणि सिग्नल सांभाळणाऱ्याच्या चुकीने मागून येणाऱ्या पुरुषोत्तम एक्स्प्रेसला त्याच रुळावर मार्ग मिळाला. तीनशेहून अधिक माणसे गेली. दोष सिग्नलचाच; पण साखळीची पहिली कडी एक जनावर होते.

१६/ 'चालकाने थांबवायची ना गाडी!' असे प्रत्येक बातमीखाली कोणीतरी लिहितेच. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते. घर्षण फार थोडे. त्यामुळेच एवढा भार ओढणे शक्य होते आणि त्यामुळेच थांबणे अवघड. ताशी १३० किलोमीटरने धावणारी गाडी आणीबाणीचे ब्रेक लावूनही थांबायला एक किलोमीटरच्या घरात अंतर घेते. गाय दिसते त्याच्या कितीतरी अलीकडे. शिवाय वाफेचे इंजिन धूर आणि धडधड करीत लांबूनच वर्दी देई. विजेवरची गाडी बरीच निमूट येते.

१७/ ३० सप्टेंबर २०२२ रोजी गांधीनगर–मुंबई वंदे भारत सुरू झाली. सहाव्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, अहमदाबादेत वटवा आणि मणिनगर यांदरम्यान तिला म्हशींचा कळप आडवा आला. म्हशी मेल्या, गाडीचे निमुळते नाक फुटले. ७ ऑक्टोबरला आणंदजवळ गाय, २९ ऑक्टोबरला वलसाडजवळ अतुल येथे पुन्हा जनावर. फुटक्या नाकाची छायाचित्रे देशभर फिरली, विनोद झाले. ते नाक मुळात धडक सोसून बदलता यावे असेच बनवलेले आहे, हे त्या गदारोळात कोणी ऐकले नाही.

१८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र यानंतरच्या दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली : म्हशींच्या अज्ञात मालकांवर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली, म्हणजे अनधिकृत प्रवेशाबद्दल, गुन्हा नोंदवला गेला. हा १८९० चाच सूर. दुसरी : पश्चिम रेल्वेने मुंबई–अहमदाबाद मार्गावर सुमारे ६२२ किलोमीटर धातूचे कुंपण घालायचे ठरवले, खर्च सुमारे २४५ कोटी. महामार्गाच्या कडेला असते तसली नागमोडी पोलादी पट्टी. १८४५ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या कंपन्यांवर टाकलेले काम आपल्याकडे पौणेदोनशे वर्षांनी हाती घेतले गेले, तेही बैल मेला म्हणून नव्हे, गाडीचे नाक फुटले म्हणून.

१९/ कुंपणालाही किंमत आहे, आणि ती पैशांत मोजता येत नाही. ज्या गावाचे रान रुळाच्या पलीकडे आहे, त्याने गुरे न्यायची कोठून? कुंपण होते तिथे भुयारी वाट किंवा फाटक नसेल, तर गुराखी एक दिवस पट्टी वाकवतो किंवा तार तोडतो. मग कायद्याच्या भाषेत तो गुन्हेगार होतो. त्याच्या स्वतःच्या लेखी तो आजोबांच्या वाटेने चाललेला असतो.

२०/ १० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर–मुंबई वंदे भारत धावू लागली. होटगी–विजापूरचा मीटर गेज तर कधीच ब्रॉडगेज झाला. होटगीला आता पोती हलवावी लागत नाहीत. मंद्रूपकडच्या रानांत सुगीनंतर गुरे अजूनही मोकळी सुटतात. उन्हाळा वाढला, कडबा महागला की रेल्वेच्या हद्दीतले गवत अजूनही सगळ्यांत शेवटी वाळते. १८९० च्या १३ व्या कलमातले 'वाटल्यास' १९८९ च्या कायद्यातही कायम आहे. तिथे त्याचा क्रमांक १८.