वसईची मोहीम : एका कामाची आखणी



आमच्या नायगावाहून वसईचा किल्ला फार दूर नाही. शाळामास्तर होतो तेव्हा दरसाल मुलांस घेऊन मी तेथे जात असे. तटाच्या सावलीत बसून चिमाजीअप्पांच्या विजयाची हकीकत सांगितली की मुले खूश होत. एका वर्षी मात्र एका मुलाने विचारले, "गुरुजी, मराठे १७३७ साली इथे आले, मग किल्ला १७३९ साली का मिळाला? तोवर त्यांचे शौर्य कुठे गेले होते?" पोर्तुगीज चिवटपणे लढले, एवढे उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. ते उत्तर अपुरे होते, हे मला तेव्हाच ठाऊक होते. आज ते पुरे करण्याचा विचार आहे.

हल्ली महाविद्यालयांतून 'प्रकल्प-व्यवस्थापन' नावाचा विषय शिकवितात. नाव भारदस्त असले तरी मूळ कल्पना साधी आहे. ज्या कामास आरंभ आहे, शेवट आहे आणि ठरलेले फळ आहे, व ज्यासाठी माणसे, पैसा आणि वेळ ही तिन्ही मोजकीच मिळतात, ते काम म्हणजे प्रकल्प. रोज शाळा भरविणे हा प्रकल्प नव्हे. शाळेची इमारत बांधणे हा होय. वसईचा वेढा या व्याख्येत नेमका बसतो. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच सापडते.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर दोनशे वर्षे हा मुलूख त्यांच्याकडे राहिला. १७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी खाडी उतरून ठाणे घेतले. ठाण्यास पोर्तुगीज नवा किल्ला बांधीत होते, पण तो पुरा झाला नव्हता. अर्धवट किल्ल्याचा उपयोग अर्धवट पुलाइतकाच! खर्च झालेला, श्रम झालेले, आणि प्रसंगी आसरा मात्र नाही. ज्याचे काम वेळेत पुरे होत नाही त्याची काय गत होते, याचा हा पहिला धडा शत्रूच्याच बाजूस मिळाला.

दुसरा धडा मराठ्यांस मिळाला. पावसाळ्याच्या सुमारास अप्पा पुण्यास परतले आणि वसईचे काम शंकराजी केशव यांजकडे राहिले. तटास शिड्या लावून चढण्याचे प्रयत्न झाले. माणसे पडली, तट उभा राहिला. पुढे निजामाशी प्रसंग ओढवला. बाजीराव भोपाळकडे गुंतले, तर नासिरजंगाची कुमक अडविण्यासाठी अप्पांस तापीकाठी राहावे लागले. वसईस शूर माणसे होती, पण पुरेशी फौज नव्हती. आणि सगळे धागे हाती असलेला माणूस शेकडो मैल दूर होता.

असाच एक किरकोळ अनुभव माझ्याही पदरी आहे. एका शाळेच्या वर्गांचे छप्पर उन्हाळ्याच्या सुटीत बदलावयाचे ठरले. सुताराने वासे वेळेवर आणले, पत्रे मागविणाऱ्याने पत्रे मागविले, पैसे देणाऱ्याने पैसे दिले. प्रत्येकाने आपापले काम चोख केले. पण पत्रे येण्यापूर्वीच जुने छप्पर उतरविण्यात आले. जूनच्या पहिल्या सरीत बाके भिजली. दोष कोणाचा, हे शेवटपर्यंत ठरले नाही; कारण कोणते काम आधी व कोणते नंतर, हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नव्हती. तो कोणीतरी मी का झालो नाही, हे मला आजही सलते.

आता १७३८ च्या अखेरीस नव्याने झालेली आखणी पाहा. वसईच्या किल्ल्यास तीन बाजूंनी पाणी व दलदल. खरी वाट उत्तरेची. परंतु त्या वाटेस लागण्यापूर्वी पुष्कळ गोष्टी व्हावयास हव्या होत्या. गोव्याहून मदत येऊ नये म्हणून व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर यांस थेट गोव्याच्या मुलखात धाडण्यात आले. पाठीमागून घाला पडू नये म्हणून १७३९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेकडील केळवे-माहीम, तारापूर, अशेरी ही ठाणी एकामागून एक घेतली. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा पडला. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारी धारावी, म्हणजे मुंबईतली नव्हे, तर भाईंदरच्या अंगाची, तीही घेतली. समुद्राची बाजू मानाजी आंग्र्यांनी सांभाळली. फेब्रुवारीच्या मध्यास वेढा आवळला गेला आणि तटाखाली सुरुंग खणण्यात आले.

यातले एकही काम मागेपुढे करण्याजोगे नव्हते. धारावी मोकळी असती तर वेढ्यास भोक राहिले असते. गोवा मोकळा असता तर गलबते आली असती. या सर्वांवर एक कुलूप होते, ते मृगाच्या पावसाचे. जून लागला की खंदक पाण्याने भरणार, सुरुंग बुजणार, आणि वर्ष फुकट जाणार. त्यातच नादिरशहा दिल्लीत शिरल्याचे वर्तमान आले. बाजीरावांस उत्तरेकडे फौज हवी होती आणि ती वसईस अडकली होती. हातचे काम सोडून मोठ्या दिसणाऱ्या कामामागे धावण्याचा मोह अशाच वेळी होतो. तो टाळला गेला.

आखणी उत्तम असली की सारे सुरळीत होते, असे मात्र कोणी समजू नये. ग्रँट डफने लिहिले आहे की, एका सुरुंगाने तटास खिंडार पडताच मराठे आवेशाने वर धावले. तोच, आधी न उडालेला दुसरा सुरुंग त्यांच्याच पायांखाली उडाला आणि शेकडो माणसे ठार झाली. क्षणभर विचार करा. महिनोन्‌महिने खणलेल्या आपल्याच सुरुंगाने आपलीच माणसे मेली आहेत, आणि पाऊस तीन आठवड्यांवर आला आहे. सूत्रधाराची खरी परीक्षा ही. होळकर, शिंदे यांसारखे मानी सरदार त्या छावणीत होते. त्यांनी एकमेकांकडे बोट दाखविले असते तर मोहीम तेथेच संपली असती. पण हल्ला पुन्हा चढविण्यात आला, सेंट सेबॅस्टियनचा बुरूज हाती आला, आणि १६ मे १७३९ रोजी किल्ल्याने शरणागती पत्करली.

तहाच्या अटी उदार होत्या. पोर्तुगीज शिबंदीस सन्मानाने बाहेर पडण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. आज वसईच्या देवळांतील व चर्चमधील घंटा एकाच वाऱ्यावर ऐकू येतात, त्यामागे या अटीचाही वाटा आहे. काम कसे संपविले यावर, ते ज्यांच्या भूमीत झाले त्यांचे पुढचे आयुष्य ठरते. आखणी करणारे हे नेमके विसरतात.

तेव्हा सूत्रधाराचे काम कोणते? स्वतः तटावर चढणे हे नव्हे, किंवा पुण्यास बसून पत्रे धाडणे हेही नव्हे. काय साधावयाचे ते ठरविणे, कामांचा क्रम लावणे, प्रत्येक काम एकाच्या माथी देणे, मुदत डोळ्यांसमोर ठेवणे, आणि सुरुंग उलटला तर त्याचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेणे, हे त्याचे काम. हे ओझे हलके नसते. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे या वेढ्यात मराठ्यांनी आपली पाच हजारांवर माणसे खर्ची पडल्याचे कबूल केले. मुलांस विजयाची तारीख पाठ असते. हा आकडाही त्यांस सांगावा, असे मला वाटते. विजयानंतर सुमारे दीड वर्षाने, १७४० च्या डिसेंबरात, अप्पा निवर्तले.

शेवटी एक गोष्ट. १७८० साली जनरल गॉडर्डने हाच किल्ला घेतला. तो परत मिळाला खरा, पण ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य गहाण टाकले. किल्ला मिळविणे हे शेवट असलेले काम होते. तो राखणे हे रोजचे. पहिल्यास चिमाजीअप्पा मिळाले, दुसऱ्यास तसा माणूस मिळाला नाही.

त्या मुलास हे सर्व सांगावयाचे राहून गेले. तो आता मोठा झाला असेल, कोठेतरी एखादे काम अंगावर घेऊन बसला असेल. त्याच्या कानी हे पडले तर गुरुजींचे जुने देणे फिटले, असे मी समजेन.