पुढचा भाग कोणाचा?

'सीक्वेल' या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अजून रुळलेला नाही. 'उत्तरार्ध' म्हटले की मूळ कृती अर्धीच होती असे सूचित होते. 'पुढचा भाग' म्हटले की दूरचित्रवाणीवरची मालिका आठवते. या लेखापुरता आम्ही 'उत्तरभाग' हा शब्द वापरणार आहोत, आणि तो वापरताना भवभूतीचे 'उत्तररामचरित' आमच्या मनात आहे हे आधीच सांगून टाकतो. विषय मात्र व्हिडिओ गेम्सचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो उपरा वाटण्याचा संभव आहे. परंतु एकदा संपलेली गोष्ट पुन्हा सुरू करण्याचा अधिकार कोणाचा, रचणाऱ्याचा, पैसा घालणाऱ्याचा, की ती गोष्ट आपलीशी केलेल्या रसिकाचा, हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत या माध्यमात जितक्या उघडपणे आणि जितक्या कडवटपणे लढवला गेला, तितका आजच्या कादंबरीच्या प्रांतात लढवला गेल्याचे आम्हांला दिसत नाही.

प्रारंभी गेम्सच्या उत्तरभागाचा कथेशी संबंधच नव्हता. जपानच्या नामको कंपनीचा 'पॅक-मॅन' १९८०चा. त्याचा सर्वांत गाजलेला उत्तरभाग 'मिस पॅक-मॅन' १९८२मध्ये आला, आणि तो नामकोने रचलेला नव्हता. अमेरिकेतील जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या छोट्या कंपनीतल्या तरुणांनी 'क्रेझी ऑटो' या नावाने 'पॅक-मॅन'ची एक सुधारित आवृत्ती तयार केली होती. मिडवे या अमेरिकी वितरकाने ती उचलली आणि नायकाला रिबीन बांधून नायिका केले. चक्रव्यूह एकाऐवजी चार झाले, भुतांच्या हालचाली अनपेक्षित झाल्या. ग्रंथव्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर ही 'सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती' होती, फक्त ती परक्या हातांनी काढलेली.

निन्टेन्डोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची (१९८५) कथा याहून गमतीची आहे. जपानमध्ये १९८६ साली त्याचा दुसरा भाग निघाला तो पहिल्यासारखाच, पण विलक्षण अवघड. अमेरिकेतील शाखेला तो तिथल्या मुलांना झेपणार नाही असे वाटले. म्हणून 'डोकी डोकी पॅनिक' या १९८७च्या एका वेगळ्याच गेममधली पात्रे पुसून तिथे मारिओ आणि मंडळी बसवण्यात आली, आणि १९८८मध्ये अमेरिकेला 'सुपर मारिओ ब्रदर्स २' मिळाला. एकाच नावाचे दोन उत्तरभाग, दोन देशांत, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही! आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांवर हे सगळे एकाच कार्ट्रिजमध्ये कोंबून आले. त्या यादीत कोणता भाग आधीचा आणि कोणता नंतरचा हे कळायला मार्ग नव्हता, आणि तशी गरजही कोणाला वाटली नाही. क्रमांक म्हणजे केवळ अधिक अवघड, अधिक रंगीत अशी खूण होती.

गोष्ट शिरली तशी ही निरागसता संपली. हिदेओ कोजिमा या तरुण रचनाकाराचा 'मेटल गिअर' १९८७मध्ये एमएसएक्स२ या घरगुती संगणकावर आला. शत्रूशी लढण्याऐवजी त्याच्या नजरेआड राहून पुढे सरकणे हे त्याचे वैशिष्ट्य. पश्चिमेत त्याची निन्टेन्डोवरची आवृत्ती खपली, तेव्हा कोनामी कंपनीने कोजिमांना बाजूला ठेवून 'स्नेक्स रिव्हेंज' (१९९०) हा उत्तरभाग दुसऱ्या चमूकडून करून घेतला. कोजिमा यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, त्या चमूतला एक सहकारी त्यांना रेल्वेत भेटला, त्यानेच ही बातमी दिली आणि खरा दुसरा भाग तुम्हीच करा अशी गळ घातली. त्याच वर्षी कोजिमांचा 'मेटल गिअर २ : सॉलिड स्नेक' प्रसिद्ध झाला.

युरोपीय कादंबरीचा इतिहास वाचलेल्यांना इथे थेर्वान्तेस आठवल्यावाचून राहणार नाही. 'दोन किहोते'चा पहिला भाग १६०५चा. १६१४मध्ये आवेयानेदा असे टोपणनाव घेतलेल्या कोणा लेखकाने त्याचा तोतया दुसरा भाग छापला. दुसऱ्याच वर्षी थेर्वान्तेसने आपला दुसरा भाग काढला, आणि त्यात तोतया भागाचा सूड अशा रीतीने घेतला की कादंबरी या प्रकाराचे रूपच पालटले. या दुसऱ्या भागातली पात्रे पहिला भाग वाचून बसलेली आहेत. ती दोन किहोतेला ओळखतात, त्याच्याकडून पूर्वीच्याच वेडाची अपेक्षा धरतात आणि ते वेड घडवून आणण्यासाठी खोटे प्रसंग रचतात. तोतया पुस्तकात आपण सारागोसाला गेलो असे कळताच किहोते आपला मार्ग बदलून बार्सेलोनाला जातो. शेवटी त्याला मृत्यू येतो, म्हणजे पुढचा भाग लिहिण्याची सोय उरत नाही.

कोजिमांनी १९९०मध्ये यांतले फक्त पहिले पाऊल उचलले होते. उरलेले उचलायला त्यांना अकरा वर्षे लागली.

मधल्या काळात पैशाचे गणित बदलले. त्रिमितीय चित्रण, अभिनेत्यांचे आवाज, शेकडो कारागीर हे सगळे आले आणि एका गेमचा खर्च चित्रपटाशी स्पर्धा करू लागला. सेगाच्या 'शेनमू'वर (१९९९) ४ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाल्याचे त्याचे दिग्दर्शक यू सुझुकी यांनी नंतर सांगितले. २००१मध्ये त्याचा दुसरा भाग कथेच्या ऐन मध्यावर, एका गुहेत येऊन थांबला, आणि मग अठरा वर्षे काहीच नाही. २०१५मध्ये सुमारे ६९ हजार चाहत्यांनी वर्गणी काढून ६३ लाख डॉलर जमवले. २०१९मध्ये तिसरा भाग आला. कथा त्यातही संपली नाही. आम्हांला तो गेम खेळताना काहीसे ओशाळल्यासारखे झाले. वर्गणीदारांनी जुन्याच 'शेनमू'ची मागणी केली होती आणि त्यांना तंतोतंत तेच मिळाले होते, चालण्याबोलण्याच्या जुन्या अवघडलेपणासह. भांडवलदाराच्या जागी रसिक येऊन बसला की कृती मुक्त होते, ही आमची भाबडी समजूत होती असे नव्हे. पण रसिकाची तिजोरीसुद्धा इतकी सावध असेल असे वाटले नव्हते.

आता २००१कडे येऊ. १९९८च्या 'मेटल गिअर सॉलिड'ने सॉलिड स्नेक या गुप्त सैनिकाला जगभर पोहोचवले होते. अलास्काजवळच्या शॅडो मोझेस बेटावर तो एकट्याने अण्वस्त्रधारी बंडखोरांना रोखतो, एवढे कथानक इथे पुरे. मे २००० मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात दुसऱ्या भागाची जाहिरात झळकली, तिच्यात अर्थातच स्नेक होता. मार्च २००१मध्ये 'झोन ऑफ द एंडर्स' हा गेम कित्येकांनी घेतला तो केवळ सोबत दिलेल्या नमुन्याच्या चकतीसाठी. त्या चकतीत भर पावसात एका जहाजावर स्नेक होता. नोव्हेंबरमध्ये 'मेटल गिअर सॉलिड २ : सन्स ऑफ लिबर्टी' हाती पडला. जहाजाचा प्रसंग संपला, आणि स्नेक नाहीसा झाला.

त्याच्या जागी रायडन नावाचा एक लांब केसांचा, नवशिका तरुण खेळणाऱ्याच्या हाती दिला गेला. उरलेला सगळा गेम त्याच्याच रूपाने खेळायचा. स्नेक भेटतो, पण खोट्या नावाने आणि बाहेरून दिसणारा. जाहिरातींमध्ये मुद्दाम दुसरा नायक दाखवून ही गोष्ट लपवण्यात आली होती. संताप झाला, आणि तो वर्षानुवर्षे टिकला.

या संतापाच्या भरात जे पुष्कळांना दिसले नाही ते असे. रायडन प्रत्यक्ष रणांगणावर कधी गेलेला नाही असे त्याला वाटते. त्याने शॅडो मोझेसची मोहीम आभासी सरावयंत्रावर शंभरदा पार पाडली आहे. म्हणजे त्याने आधीचा गेम खेळला आहे! तो आपणच आहोत. मोहिमेच्या आरंभी त्याचे सांकेतिक नावसुद्धा 'स्नेक' असते आणि मग ते काढून घेतले जाते. पुढे उघड होते की समुद्रातल्या त्या तळावर घडलेले सगळे, शत्रू, साथीदार, अडथळे, हे शॅडो मोझेसची हुबेहूब पुनरावृत्ती घडवण्यासाठी एका अदृश्य सत्तेने रचलेले नाटक होते. योग्य परिस्थिती पुन्हा उभी केली तर कोणत्याही माणसाकडून तीच कृती करवून घेता येते, हे त्या सत्तेला सिद्ध करायचे होते. उत्तरभागाची याहून नेमकी व्याख्या आम्हांला ठाऊक नाही. मोठ्या खर्चाचा दुसरा भाग दुसरे काय असतो? तीच परिस्थिती, तेच बटण, तोच आनंद.

शेवटाकडे तर गेम स्वतःच उसवू लागतो. रायडनला आज्ञा देणारा कर्नल बरळतो, यंत्र बंद कर असे थेट खेळणाऱ्याला सांगतो. मोहीम फसल्याची पाटी अक्षरांची अदलाबदल होऊन पडद्यावर येते, आणि तिच्या कोपऱ्यातल्या इवल्या चौकटीत लढाई चालूच असते. तळावर पोहोचल्यावर खेळणाऱ्याला एका संगणकावर स्वतःचे नाव टाकायला लावलेले असते. अखेरच्या दृश्यात रायडनच्या गळ्यातल्या ओळखपट्टीवर तेच नाव निघते, आणि रायडन ती पट्टी फेकून देतो. थेर्वान्तेसने किहोतेला मारून पुढचा लेखक रोखला. कोजिमांनी पात्राकरवी वाचकालाच फेकून दिले.

भवभूतीचा दाखला इथे द्यायचा होता. विदर्भातल्या पद्मपूरचा हा नाटककार. 'महावीरचरित' हे त्याचे रामकथेवरचे आधीचे नाटक, 'उत्तररामचरित' नंतरचे. पहिल्याच अंकात राम-सीता आपल्या गतायुष्याची चित्रे पाहतात. ती पाहून सीतेला पुन्हा वनात जावेसे वाटते, आणि त्याच इच्छेचा रथ तिच्या त्यागासाठी वापरला जातो. सातव्या अंकात नाटकातल्या नाटकात राम स्वतःचीच पुढची कथा प्रेक्षक होऊन पाहतो आणि व्याकूळ होतो. पूर्वभागाच्या स्मरणसुखातून उत्तरभागाचे दुःख काढण्याची ही युक्ती कोजिमांच्या कानावर असण्याचे कारण नाही. ती उत्तरभाग या प्रकारातच दडलेली असावी. फरक एवढाच की भवभूती अखेरीस राम-सीतेचे मीलन घडवतो. वाल्मीकींची भूमीत जाणारी सीता तो प्रेक्षकाला दाखवत नाही.

कोजिमांवरही मीलनाची वेळ आलीच. २००४च्या तिसऱ्या भागात रायडनच्याच चेहऱ्याचा रायकोव्ह नावाचा एक अधिकारी आहे. खेळणाऱ्याने त्याला बडवून त्याचे कपडे चोरायचे असतात. चाहत्यांना दिलेला हा उघड नैवेद्य. २००८च्या चौथ्या भागात रायडन परतला तो तलवार चालवणारा अर्धयंत्र योद्धा होऊन, म्हणजे २००१मध्ये लोकांना हवा होता तसा. दुसऱ्या भागात जे जे हेतुतः अनुत्तरित ठेवले होते त्याला चौथ्याने उत्तर दिले, आणि बहुतेक उत्तर 'नॅनोमशीन' हेच होते. तो गेम भव्य आहे, पण आमच्या मते ती शरणागती आहे.

रसिकाशी असे उघड भांडण मोठ्या गेमने पुन्हा इतक्या जोरात मांडले ते २०२०मध्ये, आणि तेही दहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. एप्रिलमध्ये 'फायनल फॅन्टसी ७ रीमेक' आला. १९९७च्या मूळ गेममध्ये एअरिथ ही नायिका मरते, आणि तो मृत्यू एका पिढीच्या स्मृतीत कोरला गेला आहे. नव्या गेममध्ये कथा मूळ वाटेवरून ढळू लागली की राखाडी भुतांचे थवे येऊन तिला परत रुळावर ढकलतात. ही भुते म्हणजे नियतीचे रक्षक, असे गेम सांगतो. ती आमच्यासारखी जुनी मंडळी आहेत हे सांगायला नको. शेवटी त्यांच्याशी लढून त्यांना हरवावे लागते. कल्पना धाडसी. पण एकच मूळ कथा तीन महागड्या खंडांत विकायची ठरल्यावर हे धाडस कुठवर पेलणार? २०२४च्या 'रीबर्थ'मध्ये एअरिथच्या मृत्यूपाशी येताच कथा धुक्यात शिरते. मेली म्हणावे तर दिसते, जिवंत म्हणावे तर कोणी मानत नाही.

जूनमध्ये आला 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'. याचा खर्च २२ कोटी डॉलर होता, हे २०२३मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांची काळी शाई पुरेशी गडद नसल्यामुळे जगाला कळले. पहिल्या भागाचा (२०१३) नायक जोएल दुसऱ्याच्या प्रारंभी ॲबी या अनोळखी स्त्रीकडून निर्घृणपणे मारला जातो, आणि गेम अर्ध्यावर आला की त्याच ॲबीच्या रूपाने खेळावे लागते. इथेही जाहिरातीत फसवणूक होती. ज्या प्रसंगात जोएल दाखवला, त्यात प्रत्यक्षात जेसी हे भलतेच पात्र निघाले. संताप पुन्हा झाला, आणि या वेळी तो ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीवर जिवे मारण्याच्या धमक्यांच्या रूपाने कोसळला. गोष्ट आपली आहे असे मानण्याचा हा शेवटचा टप्पा. २००१मध्ये निदान त्या रागाला कोणा स्त्रीचे घर सापडले नव्हते.

धमक्यांचा निषेध करूनही या गेमविषयी आमचा आक्षेप उरतोच. ॲबी जोएलला मारते, कारण त्याने तिच्या शल्यविशारद बापाला मारले होते. ते कृत्य २०१३मध्ये खेळणाऱ्याच्या हातून घडते हे खरे, पण ते टाळण्याचा मार्गच तिथे ठेवलेला नव्हता. दुसरा भाग या कृत्याचा जाब विचारतो आणि पंचवीसेक तास विचारत राहतो. कोजिमांनी आमच्यावर ठेवलेला आरोप आमच्या इच्छेविषयीचा होता. तुला पुन्हा स्नेकच व्हायचे होते ना, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला नाही म्हणणे आम्हांला शक्य नव्हते. इथला आरोप कृतीविषयीचा आहे, आणि ती कृती आमची नव्हती. तरीही ॲबीला हलवण्याची काठी हातात घेताना आम्हांला जी किळस आली, आणि काही तासांनी ती आपसूक कुठे गेली हे जे कळले नाही, ते दुसऱ्या कोणत्याही महाखर्चिक उत्तरभागाने आम्हांला दिलेले नाही.

कोजिमा २०१५मध्ये कोनामीतून बाहेर पडले. ऑगस्ट २०२५मध्ये कंपनीने त्यांच्याशिवाय 'मेटल गिअर सॉलिड डेल्टा' काढला. तो २००४च्या तिसऱ्या भागाची नव्या चित्रणातली प्रत आहे, संवादांची मूळ ध्वनिमुद्रणेच वापरलेली. बोर्हेसच्या कथेतला प्येर मेनार 'दोन किहोते' शब्दशः पुन्हा लिहू पाहतो, पण निदान ते लिहिण्यासाठी स्वतःला झिजवतो. 'डेल्टा'मध्ये गवताचे प्रत्येक पाते नवे आहे. रायकोव्हही आहे, जुन्याच जागी, मार खाण्यासाठी उभा.