चाळीस रुपयांचं पाणी

पोलादपुरात माझं किराणा दुकान आहे. माल महाडच्या पेठेतून येतो. गल्ल्यात पडणाऱ्या नोटेला जात नसते, बाजाराचा हा गुण मी वडिलांकडून शिकलो आणि आजही मानतो. पण महाडचाच इतिहास वाचला की गल्ल्यावर बसून अस्वस्थ व्हायला होतं.

महाड जुनं बंदर. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीत गलबतं येत, घाटावरचा माल खाली उतरे. आसपासच्या खेड्यांतले अस्पृश्य मानलेले लोकही इथेच बाजाराला येत. दुपारी घसा कोरडा पडला की चवदार तळं समोरच, पण त्यांना मनाई. त्यांची विहीर पेठेपासून लांब, नगरपालिकेच्या दुर्लक्षाने गाळात बुजलेली. पैसा चाले, ओंजळ चालत नसे. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं, ते कागदावरच.

मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांची परिषद महाडात भरली, तेव्हा पिण्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं बंद, आणि पाण्याला मात्र भाव! २० मार्चला बाबासाहेब लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

मला जास्त लागतं ते त्याच वर्षीच्या डिसेंबरचं. दुसऱ्या परिषदेला माल विकायचा नाही, असं महाडच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं. परिषदेला जागा फत्तेखान नावाच्या एका गृहस्थाने दिली. दहा दिवसांचा शिधा बाहेरून आणावा लागला. एका रात्री मी हिशेब मांडला. माणशी रोज अर्धा किलो तांदूळ धरला, तरी हजार माणसांना दिवसाला पन्नास किलोची दहा पोती. दहा दिवसांची शंभर. आणि माणसं तर हजारोंनी आली होती. एवढं गिऱ्हाईक दारात असताना कुठला दुकानदार फळ्या लावतो? धंद्यातले लोक म्हणतात, नफ्यापुढे जात टिकत नाही. महाडात टिकली. कुणीतरी एकटा फुटेल आणि चोरून विकेल, ही बाजाराची हमी त्या दिवसांत कामी आली नाही. तळ्याचा वाद शेवटी कोर्टात गेला; त्याचा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ ला दिला.

दर २० मार्चला लोक महाडला जातात. दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या पोलादपुरातून जातात. त्या दिवसांत मी तांदूळ जास्त भरतो आणि दारातला माठ दोनदा भरून ठेवतो.